टेन्शन आलं की टपरी: तरुण मन आणि धोक्याच्या सवयी

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. तपास सीबीआयकडे सोपवतानाच न्यायालयाने देशभरातल्या शाळा, महाविद्यालयं, क्लासेस आणि वसतिगृहांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मदतीचे फोन क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावलेले हवेत. त्यानंतर परीक्षेचा ताण, पालकांच्या अपेक्षा, क्लासेसचा बाजार यांवर बरंच बोललं गेलं, आणि ते गरजेचंच होतं.

पण ज्या मुलांबद्दल हे सगळं चाललं आहे त्यांच्या दिवसात आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्याबद्दल आपण वेगळ्या खोलीत, वेगळ्या आवाजात बोलतो. मुलगा गप्प असतो, जेवणावरून उठतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेतो फार.’ तोच मुलगा मावा चघळतो, शनिवारी पिऊन येतो, रात्री तीनपर्यंत मोबाइल बघतो, तेव्हा तेच घरचे म्हणतात, ‘वाया चालला.’ पहिल्या तक्रारीला काळजी मिळते, दुसरीला शिव्या. पुष्कळदा या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या असतात. त्या एकमेकींना कशा धरून ठेवतात, हे या लेखात बघायचं आहे.

## आधी शब्द नीट समजून घेऊ

उदास वाटणं म्हणजे नैराश्य नव्हे. निकाल लागला नाही, प्रेम मोडलं, तर चार दिवस जेवण न जाणं हे निरोगी मनाचंच लक्षण आहे. डॉक्टर नैराश्य म्हणतात ते किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल तेव्हा. सोबत झोप आणि भूक बिघडते, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटू लागतं, कधी मरणाचे विचार येतात. चिंताविकारात मन सतत पुढच्या संकटाची तयारी करत बसतं. छातीत धडधडतं, हातापायांना घाम येतो, आणि कारण विचारलं तर सांगता येत नाही.

तरुण मुलग्यांमध्ये नैराश्य अनेकदा रडण्यातून दिसतच नाही. ते चिडचिडीतून, भांडणातून, अंगावर येण्यातून दिसतं. मुलींच्या बाबतीत उलट अडचण होते. ती कॉलेजातून थेट घरी येते, अभ्यास करते, उलटून बोलत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं धरलं जातं. ती दुपारचा डबा रोज तसाच परत आणते, याची नोंद कुणी घेत नाही.

दुसरा शब्द, जोखमीचं वागणं. आज किंवा पुढे शरीराला धोका आहे हे माहीत असूनही माणूस जे पुन्हा पुन्हा करतो ते. तंबाखू, दारू, गांजा, रोजचं जागरण, उपाशी राहणं, सुसाट गाडी, काळजी न घेता ठेवलेले शारीरिक संबंध, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. (या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली.) मित्राच्या लग्नात घेतलेली एक बिअर आणि खोलीत एकट्याने रोज घेतलेली क्वार्टर या दोन्ही गोष्टींना आपण ‘पितो’ म्हणतो, पण आपल्याला ज्याची चिंता करायची आहे ती दुसरी. माणूस काय घेतो याच्याइतकंच ते कशासाठी घेतो हे विचारायला हवं.

## हे सगळं याच वयात का सुरू होतं?

मानसिक आजारांची सुरुवात कधी होते, याचा अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्यांना तो वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश लोकांना चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो, असं त्यात दिसलं. हृदयविकार, मधुमेह हे बहुतेकांना चाळिशीनंतर गाठतात. मनाचे आजार बहुतेकदा शाळा ते पहिली नोकरी या पट्ट्यात गाठतात, आणि तंबाखू-दारूची पहिली ओळखही याच पट्ट्यात होते.

यामागे शरीराची काही कारणं आहेत. मेंदूतला आनंद आणि बक्षीस शोधणारा भाग किशोरवयातच जोरात काम करू लागतो. थांब, विचार कर, उद्याचं बघ, असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. आजूबाजूला मित्र असले की ही तफावत आणखी उघडी पडते. २००५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन वयोगटांतल्या ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. पिवळा दिवा लागला की थांबायचं, की आणखी थोडं पुढे जाऊन जास्त गुण मिळवायचे, एवढाच प्रश्न. एकटे असताना सगळ्या वयाचे लोक साधारण सारखेच खेळले. दोन मित्र शेजारी बसवले, तेव्हा सोळापर्यंतच्या मुलांनी दुपटीहून जास्त धोका पत्करला, अठरा ते बावीसच्या तरुणांनीही बराच जास्त. चोविशीपुढच्यांमध्ये मात्र फारसा फरक पडला नाही. ‘एकटा असताना इतका समंजस असतो, मित्रांत गेला की काय होतं कळत नाही’ असं म्हणणाऱ्या आया चुकीचं बघत नसतात.

झोपेचंही तसंच. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ आयुष्यात सर्वात उशिरा चालतं. रात्री लवकर झोप न येणं आणि सकाळी न उठवणं हा या वयात निव्वळ आळस नसतो. पण सकाळी सातचं कॉलेज किंवा कंपनीची पहिली शिफ्ट त्या घड्याळासाठी थांबत नाही.

यात परिस्थितीची भर पडते. पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. घरून येणारे पैसे बापाने कुठून आणले हे त्याला माहीत असतं. अभ्यासिकेतली खुर्ची, मेसचा डबा, आणि जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत अशी वर्षानुवर्षं लांबत जाणारी रांग. गावाकडे कुणाचं लग्न असलं तरी जायला नको वाटतं, कारण सगळे एकच विचारणार, ‘मग, झालं का काही?’ अशा दिवसात चहाची टपरी ही एकमेव जागा असते जिथे कुणी निकाल विचारत नाही. तिथे गेल्यावर हातात काय येतं हे वेगळं सांगायला नको.

## मावा खाल्ला की खरंच बरं वाटतं का?

हो, वाटतं. हे आधी मान्य केलं पाहिजे. ‘त्यात काय ठेवलंय’ असं विचारणाऱ्या मोठ्या माणसावर तरुणाचा विश्वास बसत नाही, कारण त्याला स्वतःच्या अनुभवाने माहीत असतं की त्यात काहीतरी आहे. पण बरं कशामुळे वाटतं हे समजून घेतलं, तर सगळं चित्र बदलतं.

तंबाखूत निकोटीन असतं. ओढलेलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. मावा, खर्रा, गायछापची चिमूट यांतलं तोंडाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू रक्तात जातं. तंबाखूला चोळलेला चुना इथे मोठं काम करतो. चुन्यामुळे निकोटीन अशा रूपात येतं की ते त्वचेतून लवकर आत शिरतं. मेंदूत पोहोचल्यावर ते आनंदाशी आणि सावधपणाशी संबंधित रसायनं सोडायला लावतं. डोकं हलकं होतं, लक्ष लागल्यासारखं वाटतं.

आता पुढची पायरी. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. रोज घेणाऱ्याच्या मेंदूने त्याची सवय करून घेतलेली असते, त्यामुळे ते उतरू लागलं की अस्वस्थपणा, चिडचिड, लक्ष न लागणं, उदासी सुरू होते. यालाच आपण तलफ म्हणतो. ही यादी पुन्हा वाचली तर लक्षात येईल की टेन्शनची लक्षणंही अगदी हीच आहेत. अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला वाटतं, अभ्यासाने डोकं भंजाळलं. तो खाली जातो, बार भरतो, पाच मिनिटांत शांत होतो. त्याला वाटतं तंबाखूने टेन्शन घालवलं. प्रत्यक्षात तंबाखूने घालवलेला बराचसा भाग तंबाखूनेच आणलेला असतो, दोन तासांपूर्वीच्या पुडीने.

ऊसतोडीला जाणारं कुटुंब मुकादमाकडून उचल घेतं. हातात पैसे येतात, त्या दिवशीची अडचण खरोखर भागते. पण ते पैसे स्वतःच्याच येणाऱ्या हंगामाच्या मजुरीतले असतात, आणि हंगाम संपेपर्यंत फिटले नाहीत तर पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाच्या टोळीत जावं लागतं. निकोटीन अशीच उचल देतं. संध्याकाळच्या शांततेतला वाटा ते दुपारीच हातावर ठेवतं. घेणाऱ्याला मिळालेला आराम खोटा नसतो, पण तो त्याच्याच पदरचा असतो.

याचा पडताळा उलट्या बाजूने मिळतो. सिगारेट सोडलेल्या आणि न सोडलेल्या लोकांच्या मनःस्थितीची तुलना करणाऱ्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सोडणाऱ्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण कमी झालेला आढळला. मानसिक आजार आधीपासून असलेल्या लोकांमध्येही हाच कल होता. हे अभ्यास धूम्रपानाचे होते, पण निकोटीन तेच. म्हणून ‘बिचारा आधीच टेन्शनमध्ये आहे, आत्ता तंबाखू सोडायला नको सांगूया’ हे प्रेमाने म्हटलं जात असलं, तरी त्यात त्याचं नुकसान आहे. सोडल्यावरचे पहिले काही दिवस वाईट जातात, हे मात्र त्याला आधीच सांगायला हवं. त्रास पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हे माहीत नसलं की तिसऱ्या दिवशी माणसाला वाटतं, ‘बघा, तंबाखूशिवाय मी असा होतो.’ तो तसा नसतो. ती जुनी उचल फिटत असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न चघळण्याचा आहे, ओढण्याचा त्यामानाने कमी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू घेत होते आणि ३.८ टक्के धूम्रपान करत होते. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना वेगवेगळे विकत घेऊन मावा घोटता येतोच. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तोंड हळूहळू उघडेनासं होणं ही तिची देणगी, आणि हे विशीतल्या मुलांमध्येही दिसतं.

## दारूचं गणितही हेच, फक्त हिशेब रात्रीत होतो

दारू मेंदूचा वेग कमी करते, म्हणून घेतल्यावर भीड चेपते, धडधड थांबते. चिंताविकार असलेल्या मुलाला पहिल्यांदा चारचौघांत मोकळं बोलता येतं ते कधीकधी दोन पेग पोटात गेल्यावरच, आणि तो अनुभव तो विसरत नाही. पण दारू उतरू लागली की दाबलेला मेंदू उलट उसळतो. पहाटे तीन-चारला दचकून जाग येणं, छातीत धडधड, काहीतरी वाईट होणार अशी भीती, हे त्या उसळीचं रूप. झोप लवकर लागते पण तुटक होते, आणि स्वप्नांची झोप कमी पडते. सकाळी मन काल संध्याकाळपेक्षा जड असतं, आणि मग आज संध्याकाळी पुन्हा ‘बसायला’ एक कारण तयार होतं.

दारूबाबत आणखी एक गोष्ट मी जास्त गंभीरपणे सांगेन. उदास माणसाला मरणाचे विचार येत असतील, तर त्या विचाराच्या आणि कृतीच्या मध्ये जो थोडा वेळ असतो, तोच त्याला वाचवणारा असतो. दारू तो वेळ खाऊन टाकते. ज्याने मरणाची भाषा केली आहे त्याने त्या दिवसांत दारूपासून लांब राहणं आणि घरातली शेतीची औषधं कुलपात जाणं, या दोन गोष्टी कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त कामाच्या आहेत. ‘करायचं ठरवलेला करणारच’ हा समज चुकीचा आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. ती वेळ टळली की बहुतेक माणसं जगतात.

## एक सवय आली की बाकीच्या का येतात?

तंबाखू, दारू, जागरण आणि सुसाट गाडी एकाच मुलाकडे एकत्र का सापडतात, हा प्रश्न कोलोरॅडो विद्यापीठातल्या रिचर्ड जेसर यांनी सत्तरच्या दशकातच मांडला होता. या सवयी सुट्या येत नाहीत, त्यांचा घोळका असतो, असं त्यांनी दाखवलं. कारण जागा तीच, सोबती तेच, आणि पुष्कळदा गरजही तीच: मोठं झाल्यासारखं वाटणं, कुणाचं तरी असणं, किंवा थोडा वेळ स्वतःपासून सुटणं.

गाडीचं वेगळं सांगतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयातली होती आणि सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. याला कारणं अनेक, खड्डे आणि ट्रकसुद्धा. पण हेल्मेट न घालता मध्यरात्री हायवेवर गाडी पळवणारा प्रत्येक जण मजेत असतो असं नाही. काहींच्या मनात ‘झालं काही तर होऊ दे’ असतं. ही बेफिकिरी वरून शौर्यासारखी दिसते, म्हणून तिच्याकडे कुणी आजाराचं लक्षण म्हणून बघत नाही.

## आधी काय, मन बिघडतं की सवय लागते?

दोन्ही दिशांनी घडतं, आणि तिसरीही एक वाट आहे.

पहिली दिशा मनाकडून सवयीकडे जाते. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खांत्झियन यांनी १९८५ मध्ये असं मांडलं की अनेक व्यसनी माणसं नशेच्या मजेपेक्षा एखाद्या विशिष्ट वेदनेवर स्वतःच औषध शोधत असतात. दुसरी दिशा सवयीकडून मनाकडे, ती वर तंबाखू आणि दारूच्या बाबतीत पाहिली. तिसऱ्या वाटेत दोन्हींचं मूळ आधीच कुठेतरी असतं. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं गेलं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसन, आईला होणारी मारहाण. असे चार किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. बापाच्या दारूने होरपळलेला मुलगा स्वतः पिऊ लागतो तेव्हा आपण हळहळत म्हणतो, ‘बघूनही शहाणा झाला नाही.’ त्याने लहानपणी जे बघितलं, त्याचाच तो भाग असू शकतो.

सुरुवात कुठून झाली हे नेहमी ठरवता येत नाही, आणि मदत करायला ते ठरवण्याची गरजही नसते. एकदा फेरा सुरू झाला की दोन्हींकडे एकत्र बघावं लागतं. एकट्या दारूवर उपचार झाले आणि आतलं नैराश्य तसंच राहिलं तर दारू परत येते. नैराश्याच्या गोळ्या चालू आणि रोजची क्वार्टरही चालू, तर गोळ्यांचा पुरेसा उपयोग होत नाही.

## ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’

होतं. फक्त त्याला ‘देवाचं काहीतरी’, ‘डोक्यावर परिणाम’ किंवा ‘बाईचा त्रास’ म्हणायचे, आणि बऱ्याच घरांत त्याबद्दल एकही शब्द काढायचे नाहीत. आजही चित्र फार वेगळं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के आणि दारूच्या विकाराने ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. समाज एकाला बिचारा म्हणतो आणि दुसऱ्याला बेवडा, पण दवाखान्यापर्यंत दोघेही पोहोचत नाहीत.

काही गोष्टी खरोखर बदलल्या आहेत. एकत्र कुटुंबातली ओसरी गेली, तिच्या जागी तिघा अनोळखी मुलांची खोली आली. शेती पुरत नाही, आणि नोकरीसाठी शिक्षण वाढलं तरी नोकऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. सर्वाधिक महाराष्ट्रात, २२,७४६. देशातल्या एकूण आकड्यात १८ ते ३० वयाचा वाटा सुमारे ३५ टक्के होता. या आकड्यांपुढे ‘आजकालची पोरं नाजूक’ हे वाक्य मला फार हलकं वाटतं.

## ‘शिस्त लावली की सुटतं सगळं’

शिस्तीचा उपयोग आहे, पण वेगळ्या ठिकाणी. शाळा-कॉलेजजवळ तंबाखूची टपरी न चालू देणं, १८ वर्षांखालच्याला पुडी न विकणं, हेल्मेटची सक्ती, ही शिस्त कायद्यात आहे आणि ती पाळली तर जीव वाचतात. घरात मात्र आपण शिस्तीच्या नावाखाली बहुतेक वेळा लाज देतो. चारचौघांत खिसे तपासणं, पाहुण्यांसमोर उद्धार करणं. लाज वाटली की मुलगा सवय सोडत नाही, लपवतो. वर त्या लाजेचंच नवं टेन्शन येतं आणि त्यावरचा उपाय त्याला आधीच माहीत असतो.

## ‘मरणाबद्दल विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल’

ही भीती शिकलेल्या माणसांनाही असते, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. आत्महत्येचे विचार येतात का, असं शांतपणे विचारल्याने ते विचार निर्माण होत नाहीत. अनेक अभ्यासांनी हे तपासलं आहे. उलट, कुणीतरी विचारलं याने बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. विचारताना आडवळण नको. ‘तसलं काही नाही ना तुझ्या डोक्यात?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच येणार, कारण प्रश्नातच ते मागितलेलं आहे. ‘इतका त्रास होतोय, तर कधी मरून जावं असं वाटतं का तुला?’ असं विचारा, आणि मग गप्प बसून ऐका.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २०१८ पासून लागू आहे, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं. पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न नेणं यापुढे कुणी करू नये.

## ‘गोळ्या चालू झाल्या की सुटत नाहीत’

इथे दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत होते. नैराश्यावर साधारणपणे दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची तंबाखूसारखी तलफ लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. पंचविशीच्या आतल्यांना त्या सुरू केल्या की पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं. अस्वस्थपणा वाढला किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवावं.

सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या, घबराट आणि झोपेसाठी तात्पुरत्या दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची. जुनी चिठ्ठी दाखवून किंवा ओळखीच्या मेडिकलमधून त्या महिनोन् महिने घेतल्या जातात. दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

## इतके तज्ज्ञ आणायचे कुठून?

प्रत्येक तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे खरं आहे. पण या प्रश्नावरचं एक आशादायक काम शेजारच्या गोव्यात झालं आहे. संगत या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. नैराश्याच्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ भेटींत एक साधी गोष्ट शिकवली: मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, आधी छोटं काम ठरवायचं, करायचं, मन मागून येतं. आंघोळ, दुकानापर्यंत चालणं, मित्राला फोन, इतक्या लहान गोष्टींपासून सुरुवात. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेले निष्कर्ष असे: तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य आटोक्यात आलं होतं, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ३९ टक्के लोकांचं. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी याच पद्धतीने एक ते चार भेटी ठेवल्या होत्या. तिथे फरक लहान होता, पिणं आटोक्यात आलेले ३६ विरुद्ध २६ टक्के, पण तो जास्तीत जास्त चार भेटींतून मिळालेला होता.

न्यायालयाच्या पंधरा सूचनांमधला समुपदेशक केवळ नावाच्या पाटीपुरता राहू नये असं वाटत असेल, तर कॉलेजांनी या प्रयोगाकडे बघावं. आणि त्या समुपदेशकाने अभ्यासाच्या ताणासोबत तंबाखू, दारू आणि झोप यांची चौकशीही त्याच बैठकीत करावी.

व्यसनासाठी पुण्यात मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्राने व्यसनी माणसाला रुग्ण म्हणून वागवणं महाराष्ट्राला शिकवलं. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा वेगळा क्रमांक आहे. विम्याबाबतही एक माहिती उपयोगी पडेल: २०१७ च्या त्याच कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यायचं आहे.

## घरी उद्या काय करता येईल?

वेळ निवडा. मुलगा पिऊन आलेला असताना किंवा निकालाच्या दिवशी हा विषय काढू नका. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, गोठ्यात काम करताना बोलणं सोपं जातं. सुरुवात सवयीपासून न करता झोपेपासून करा, कारण झोपेबद्दल बोलायला कुणाला लाज वाटत नाही. ‘रात्री नीट झोप लागते का रे?’ या प्रश्नातून बरंच काही बाहेर येतं. मग हळूच, ‘मावा कधी जास्त लागतो? अभ्यासाआधी, की एकटा असताना?’ त्याने उत्तर दिलं तर त्याच क्षणी उपदेश सुरू करू नका, नाहीतर ते शेवटचं उत्तर ठरेल.

मित्रांनी करण्यासारखं आणखी सोपं आहे. जो रोज टपरीवर येतो आणि अचानक यायचा बंद झाला, किंवा जो दोन प्यायचा आणि आता चार पितो, त्याच्या खोलीवर जा. आपल्या वस्तू वाटून टाकणं, ‘माझं काय खरं नाही’ असं सारखं म्हणणं, हे हसण्यावारी नेऊ नका.

एक सावधगिरी. कुणी कित्येक महिने रोज भरपूर दारू पीत असेल, तर त्याला शपथ घालून एका रात्रीत बंद करायला लावू नका. अचानक थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी. तंबाखूचं तसं नाही. ती आजही थांबवता येते, त्रास होईल, पण धोका नाही.

आणि कुणी मरणाबद्दल ठरवून बोलत असेल, तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. धोका लगेचचा वाटला तर ११२ लावा, नाहीतर १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या आणि तो बोलत असेपर्यंत शेजारी बसून राहा.